त्याच पत्त्यावर दुसरं कोणीतरी

मयूर गेला आणि त्याची कामाची बॅग अक्षदाच्या खांद्यावर आली. त्याआधी ती दादरच्या एका साडीच्या दुकानात काउंटरला होती. ऑफिसांतले कॉम्प्युटर, राउटर, प्रिंटर सांभाळणं हे तिच्या भावाचं काम. परळच्या पुलावर त्याच्या बाइकला अपघात झाला, आणि पुढच्याच आठवड्यात त्याच्या गिऱ्हाइकांचे फोन घरी यायला लागले. थोडंफार त्यानेच तिला शिकवलेलं होतं. उरलेलं ती हळूहळू शिकली.

मयूरचा मोबाइल मात्र सापडला नाही. गर्दीत कोणीतरी उचलला असेल, असं सगळ्यांनी धरलं. आई, रखमा, हे मानायला तयार नव्हती. लालबागच्या त्यांच्या खोलीत दिवेलागण झाली की ती त्या नंबरला फोन लावायची. त्याचं रिचार्जही न चुकता मारून घ्यायची.

"वाजता गो," ती आपल्या मालवणीत म्हणायची. "वाजता म्हणजे खंय तरी आसा."

मयूरचे मित्र म्हणाले होते, फोन कुठे आहे ते शोधता येतं. अक्षदानेच नको म्हटलं. पलीकडे कोण निघेल याची तिला भीती वाटायची. तो नंबर तिने स्वतः कधीच लावला नव्हता.

गिरगावातले वकील वीरेंद्र धैर्यवान हे मयूरचं जुनं गिऱ्हाईक. त्यांच्याकडे अक्षदाने नवा प्रिंटर बसवला आणि महिनाभर तिची झोप उडाली. सकाळी प्रिंटर नीट चालायचा. दुपारी जेवणानंतर मध्येच ऑफलाइन. संध्याकाळी आपोआप परत सुरू. तिने केबल बदलली, ड्रायव्हर पुन्हा टाकला, राउटर वरच्या फळीवर नेऊन ठेवला. दुसऱ्या दुपारी परत वकिलांचा फोन: "अगं, गेला बघ परत."

शेवटी ती एक दिवस सकाळपासूनच तिथे ठाण मांडून बसली. टायपिंगच्या टेबलावर शकूताई होत्या, निवृत्तीला आलेल्या, कमी बोलणाऱ्या. त्यांनी तिला दोनदा चहा दिला. जेवणं झाली आणि प्रिंटर गेला. अक्षदाने उठून त्याचं बटणच बंद केलं, वायर काढली आणि लॅपटॉपवरून त्याच्या आयपी नंबरला, म्हणजे नेटवर्कवरच्या पत्त्याला, हाक मारून पाहिली. आता उत्तर यायला नको होतं.

उत्तर आलं. परत हाक मारली, परत आलं.

प्रिंटर तिच्यासमोर मेल्यासारखा पडला होता आणि त्याच्या पत्त्यावरून कोणीतरी ओ देत होतं. कारण तिला कळलं. एकाच खोलीत दोन बिऱ्हाडं घुसली होती, दुसरं आलं की पहिलं बाहेर. पण दुसरं कोण? तिने राउटरला जोडलेल्या यंत्रांची यादी उघडली. वकिलांचा लॅपटॉप, शकूताईंचा कॉम्प्युटर. आणि त्याखाली 'मयूर-फोन'.

चाचणीसाठी मयूर स्वतःच्या मोबाइलला एक ठरावीक आयपी नंबर देऊन ठेवायचा, हे तिला आठवलं. नव्या प्रिंटरला नेमका तोच नंबर तिने दिला होता.

तिने आपला फोन हातात घेतला आणि आई रोज लावायची तो मयूरचा नंबर लावला.

शकूताईंच्या टेबलाचा खण थरथरायला लागला.

शकूताईंनी टायपिंग थांबवलं, पण खण उघडला नाही. अक्षदानेच उघडला. रुमालात गुंडाळलेला मोबाइल चार्जिंगला लावलेला होता, आणि स्क्रीनवर तिचंच नाव होतं.

"त्या दिवशी इथे काम करताना कपाटामागे राहिला होता गं त्याचा," शकूताई म्हणाल्या. "दुसऱ्या दिवशी मला मिळाला. तोवर बातमी आली. आणि संध्याकाळी स्क्रीनवर 'आई' आलं. उचलून काय सांगणार होते मी?"

"मी एवढ्या वेळा आले इथे. मला का नाही दिलात?"

"द्यायचाच होता. पण रोज वाजायचा. बंद पडला तर त्या माउलीला काय वाटेल, म्हणून दुपारी चार्ज करायचे. मग जमलंच नाही."

फोन चार्जिंगला असतानाच वायफाय धरून राहायचा, म्हणून प्रिंटर दुपारीच जायचा. अक्षदाला ओरडावंसं वाटलं. तिने प्रिंटरला दुसरा आयपी नंबर दिला, एक पान छापून पाहिलं, मोबाइल बॅगेत टाकला आणि निघाली.

घरी तिने तो आईपुढे ठेवला आणि सगळं सांगितलं. रखमाने मोबाइलवरून हात फिरवला, रडली नाही. म्हणाली, "उद्या माका थंय घेवन चल."

दुसऱ्या दिवशी त्या दोघींना दारात बघून शकूताई उठून उभ्या राहिल्या. रखमा त्यांच्यासमोर खुर्ची ओढून बसली.

"मी फोन लावी तेवा तू काय करी होतस?"

"हातात धरून बसायचे. वाजायचा थांबेपर्यंत. मग घरी जायचे."

"मगे कोणतरी होता थंय," रखमा म्हणाली.

त्यानंतर तिने त्या नंबरला फोन लावला नाही. वकिलांचा प्रिंटर नीट चालतो, पण अक्षदा त्या ऑफिसात जायचं टाळते, शक्यतो घरूनच सांगून काम उरकते. रखमा मात्र अधूनमधून गिरगावात जाते, शकूताईंकडे. दोघी काय बोलतात, ते अक्षदाने कधी विचारलेलं नाही.