आडव्या माणसाच्या नऊ जागा

नेई ताबवेना, म्हणजे ताबवेनाबाई, माझ्या शेजारच्या काउंटरवर बावीस वर्षं बसली. आमच्या बेटावरच्या बोनरिकी विमानतळावर तिच्याइतकं विमान कुणालाच पाठ नव्हतं. कुठली रांग पाय लांब करायला बरी, कुठली मागे कलत नाही, ती डोळे मिटून सांगायची. जागा नसली की तोंडावर म्हणायची, "नाही म्हणजे नाही. पुढच्या विमानाला या."

एका सोमवारी सकाळी तिचा नवरा तियाऑन माडी काढताना माडावरून पडला. पाठीचा कणा दुखावला. पायांना जाणीव होती, पण जेमतेम. डॉक्टर म्हणाले, "लवकरात लवकर विमानानं सुवाच्या मोठ्या इस्पितळात न्या. आणि आडवंच न्या, पाठ जराही वाकता कामा नये."

आमच्या बोइंगमध्ये रांगेत तीन आणि तीन जागा. आडवा माणूस न्यायचा तर मागच्या तीन रांगांच्या डाव्या बाजूच्या सीटच्या पाठी पुढे पाडायच्या आणि त्यांवर स्ट्रेचरची चौकट आवळायची. म्हणजे नऊ जागा. गुरुवारचं विमान गच्च भरलेलं होतं.

तिनं प्रवाशांची यादी घरी नेली. हे नियमात बसत नाही. मी पाहिलं आणि पुढच्या प्रवाशाकडे वळलो.

दोन दिवस ती यादीतल्या लोकांकडे जागा मागत स्कूटरवरून बेटाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरली. बोटीवर कामाला निघालेला एक खलाशी म्हणाला, "काकी, गुरुवारी पोचलो नाही तर बोट सुटेल. मला नका विचारू." काबूता नावाच्या माणसानं तर तिला उभंच ठेवलं.

"माझा बाप आजारी होता तेव्हा मी जागा मागायला तुझ्या काउंटरवर आलो होतो. तू काय म्हणालीस?"

"नाही म्हणाले."

"आणि आता माझ्या दारात आलीस?"

"आले."

तो म्हणाला, "घे माझी जागा. तुझ्यासाठी नाही देत, तियाऑनसाठी देतोय."

बुधवारी संध्याकाळपर्यंत नऊ जागा झाल्या.

गुरुवारी विमान उतरलं आणि ताबवेनाच्या हातातला शिक्का खाली पडला. "हे आपलं नव्हे," ती म्हणाली. बोइंग दुरुस्तीला गेलं होतं. कंपनीनं भाड्याचं छोटं जेट पाठवलं होतं. रांगेत दोन आणि दोन जागा.

इंजिनिअरनं चौकट टेपनं मोजली. "बाई, ही इथं बसणार नाही. बळजबरी केली तर वर हवेत सुटेल."

"मी धरून बसते."

"तीन तास?"

"तीन तास! मी आणि नर्स, दोघी धरतो. तुम्ही चढवा तर खरं!"

वैमानिकानंही नकारार्थी मान हलवली. दवाखान्याच्या गाडीतून तियाऑन हाक मारत होता, "अगं, सोड त्याला. त्याचा काय दोष?" तिनं इंजिनिअरची बाही धरली होती. बोटं मला एकेक करून सोडवावी लागली. विमान उडालं तेव्हा ती तापलेल्या डांबरावर बसून होती.

सोमवारी बोइंग आलं. पण छोट्या विमानात न मावलेले लोकही आता याच यादीत होते, आणि घरोघर फिरायचं बळ तिच्यात राहिलं नव्हतं. ती सामान तोलायच्या काट्यावर चढली आणि रांगेकडे पाहून ओरडली, "मला नऊ जागा हव्यात. माझा माणूस बाहेर आडवा पडलाय." गुरुवारी जागा सोडलेले पाचजण त्या रांगेत होते. त्यांनी पुन्हा सोडल्या. उरलेल्या चार मिळेपर्यंत तास गेला, विमान खोळंबलं.

सुवाला शस्त्रक्रिया झाली. तियाऑन वाचला, पाय मात्र गेले. तिनं सर्जनला विचारलं, "चार दिवस आधी आणलं असतं तर?"

तो कागद चाळत म्हणाला, "सांगता येत नाही हो."

तिनं त्याचा अर्थ आपल्यापुरता लावला: पाय त्या चार दिवसांत गेले. परत आल्यावर यादीची चौकशी सुरू व्हायच्या आतच तिनं स्वतःहून ओळखपत्र साहेबांच्या टेबलावर ठेवलं आणि नोकरी सोडली.

याला सहा वर्षं झाली. दर दोन तासांनी ती त्याला कुशीवर वळवते. छोट्या जेटमध्ये बसेल अशी चौकट ठेवा, म्हणून तिनं कंपनीला पाच अर्ज पाठवलेत. सहावा गेल्या महिन्यात माझ्याकडून लिहून घेतला. अजून उत्तर नाही.