ज्या आकड्याला मी घाबरले

लायसन्स मिळून तीनच महिने झाले होते. मुलीला शाळेतून घेऊन शारजात घरी येत होते. वळणावर उलट्या बाजूनं एक सायकलवाला आला. ब्रेक दाबला, तोवर तो खाली पडला होता. पाय मांडीपासून वाकडा झालेला. पोलिसांनी पासपोर्ट आणि लायसन्स ठेवून घेतलं. मागच्या सीटवरून मुलगी विचारत होती, "मम्मी, विल यू गो टू जेल?"

मग लोक समजूत घालायला यायला लागले. माझ्या नवऱ्याचे एक मित्र अमेरिकेत राहून आले होते. तिकडे ज्यूरी बसते म्हणे, बारा साधी माणसं, आणि नुसतं बोट मोडलं तरी लाखो डॉलर देऊन टाकते. इथंही तो सायकलवाला दहा लाख दिरहॅम मागेल, असं त्यांनी चहा पिता पिता सांगितलं. नवऱ्यानं तिथंच हिशेब केला, तेव्हाच्या दरानं सव्वा कोटी रुपये. ठाण्याचा फ्लॅट विकूनही पुरणार नव्हते. दारावरची बेल वाजली की पोलीसच आले असं वाटायचं.

आमच्या ऑफिसात सरकारी कामं बघणारा एक म्हातारा सुदानी होता. इथं ज्यूरी नसते, तो म्हणाला. जज डॉक्टरचा रिपोर्ट बघतो, पैसे इन्शुरन्स भरतो, खलास. माझा विश्वास बसला नाही. त्या मित्रांचा आकडा मात्र मी एका झटक्यात खरा मानला होता.

पाचव्या दिवशी धीर करून हॉस्पिटलात गेले. मला बघताच त्या सायकलवाल्यानं चादर छातीपर्यंत ओढली. मोडक्या हिंदीत म्हणाला, गाडीचं नुकसान मी कुठून भरू? त्याच्या बोलण्याचा हेल ओळखून मी मराठीत बोलले. तो खेडकडचा सुतार निघाला.

"ताई, केस करू नका. मला परत पाठवतील."

चूक तुझीच, म्हणून गाडीची सगळी किंमत तुझ्याकडूनच घेणार, असं त्याला एकानं सांगितलं होतं. कामगारांच्या कॅम्पात त्याच्या खोलीत राहणाऱ्या दुसऱ्यांनी सांगितलं होतं, दहा लाख मिळतील, गावात बंगला बांध. त्याला दोन्ही पटलं होतं.

कोर्टात जज एकटेच होते. दुभाष्यानं विचारलं तेवढ्याचं मी उत्तर दिलं. मला दंड झाला, पासपोर्ट परत मिळाला. त्याचा भरपाईचा दावा वर्षभर चालला. इन्शुरन्सनं अठरा हजार दिरहॅम दिले, म्हणजे दोन लाखांच्या थोडं वर. पाय आखूड राहिला तो राहिलाच.

निकालानंतर त्याचा फोन आला. त्यांच्या कॅम्पजवळच्या कॅफेटेरियात भेटलो. निकालाचा अरबी कागद पुढं सरकवून तो खाली बघत म्हणाला, "खोलीतले म्हणतात, बाकीचे तुम्ही खाल्ले."

मला पुन्हा तीच धडकी भरली. कागदाला इंग्रजी तर्जुमा जोडलेला होता. मी बोट ठेवून एकेक ओळ मराठीत वाचून दाखवली. पायाची टक्केवारी, औषधं, बुडालेला पगार. चूक निम्मी त्याचीही धरली होती. तेही वाचलं. बाकी काही नव्हतंच.

"एवढंच असतंय होय?" त्यानं विचारलं.

मी हो म्हणाले. त्यानं कागद घडी करून खिशात ठेवला आणि चहाचे पैसे मला देऊ दिले नाहीत.