वंदाताई आणि निजलेला व्हायरस

मला कॅन्सर झाला तेव्हा माझ्या ताटातलं उचलून खाणारी एकच होती. ती आज सकाळी गेली.

वंदाताई. माझी आतेबहीण, सिंदी रेल्वे गावची. अटॅक आला.

फोन आला तेव्हा मी इथं जामनगरला रिफायनरीच्या टाकीवर वेल्डिंग करत होतो. वरून समुद्र दिसतो. दिसतो म्हणजे, लांबवर पांढरं काहीतरी हलत असतं.

सत्त्याण्णवच्या दिवाळीत वडनेरच्या घरीही सगळं असंच पांढरं होतं. माझी खाट कापसाच्या खोलीत. केमोची गुंगी, आढ्यापर्यंत कापूस, आणि मी मधे कुठंतरी तरंगत.

सातवीतली शाळा सुटली ती सुटलीच.

मानेच्या गाठी म्हणजे लिम्फोमा. त्यात एक व्हायरस सापडला, असं डॉक्टर बोलून गेले.
बस. घरी माझं ताट अलग, गिलास अलग. लहान भावाला खोलीत यायची बंदी.

ताई तेव्हा पुण्याला याच व्हायरसवर रिसर्च करायची. आली, खाटेवर बसली, माझ्या ताटातली भाकर मोडून खायला लागली.

आई दारातूनच म्हणाली, "वंदे, लागन म्हणते ना वो."

"मामी, हा तुमच्यातबी असन, माझ्यातबी. बहुतेकायले लहानपणीच होते अन् जलमभर राह्यते."

"मंग आमाले काऊन नाई झाला कॅन्सर?"

"तेच तं शोधून राह्यली मी."

मग ती सांगत राहिली. मी अर्धा झोपेत.

व्हायरस पेशीत शिरतो आणि निजतो. त्याचे जीन्स ऐंशीच्या वर, पण बहुतेक बंद. पेशीच त्यांच्यावर केमिकलचं झाकण घालते.
चार-दोन तेवढे चालू. झोपेत बरळल्यासारखे.
बहुतेकांचं शरीर त्या बरळण्यावर लक्ष ठेवून असतं. एखाद्यात मात्र पेशी ते ऐकत बसते. मरू नको, वाढत राहा.

"म्हणजे निजलेलाबी बोलते," बाबा म्हणाले.

"हो मामा. म्हणून गाठीतल्याले मले उठवाचं हाय. उठला का सारे जीन्स उघडते. मंग लपता येत नाई त्याले, औषधाले सापडते."

"निजल्या विंचवाले डिवचते म्हण," बाबा म्हणाले. " त्यापेक्षा लग्न कर वो पोरी."

सगळे हसले. त्या हसण्यात भाऊ आत आला आणि माझ्या खाटेवर चढला. कोणी हाकललं नाही.

मी बरा झालो. पण एका जागी टिकलो नाही. कधी हजिरा, कधी पारादीप, आता इथं. भीती बॅगेसारखी सोबत.

मागच्या वर्षी मुलगी झाली. सुट्टीवर गेलो, मांडीवर घेतलं. तोंड काही जवळ जाईना. लाळेतून पसरतो, हे ताईनंच सांगितलं होतं.

अंगणात जाऊन फोन लावला.
"ताई, जमलं का त्याला उठवायला?"
"लॅबच्या फ्लास्कमधी उठते. माणसात अजून भरवसा नाई. काऊन रे?"

सांगितलं.

तिच्या मागं कुठंतरी कुकरची शिटी झाली.

"अरे, कोणाच्या तरी मुक्यातून तो जाईनच तिच्यात. आजीच्या, नाई तं मावशीच्या. अन् बहुतेक निजूनच राहीन. तू कायले मांगं राह्यतो? जा, घे पापा."

घेतला. गालाला दुधाचा वास होता.

ताई, आज सिंदीला पोचणं होत नाही. इथूनच हात जोडतो.