कूलर लावणं हे बाप्यांचं काम

आमच्या घरचा कूलर दर उन्हाळ्यात मीच लावतो, आणि जे बिघडतं त्याचं खापर दर उन्हाळ्यात मी कूलरवर फोडतो.

माझी मुलगी प्राजक्ता खापरखेड्याच्या वीज केंद्रात इंजिनीअर आहे. पण घरात तिनं स्क्रू पिळायला पेचकस उचलला की मला कसंसंच होतं. (तिच्या हातात लाटणं पाहून असं कधी झालं नाही!) यंदा मे महिन्यात तिला पाहायला पाहुणे येणार होते आणि पारा शेहेचाळीसवर.

"पोरीले लावू द्या ना कूलर. दहा मिनिटांचं काम," बायको म्हणाली.

"पाहुणे येऊन राहिले अन् पोरगी स्टुलावर? लोक म्हणतीन, घरात बाप्या माणूस नाही काय."

प्राजक्ताला मी पोहे करायला पिटाळलं आणि स्वतः स्टुलावर चढलो. मुलगा आणि त्याचे आईवडील येऊन बसले तेव्हा कुठे माझ्या वायरी जोडून झाल्या. ऐटीत बटण दाबलं.

कूलर चालला, हे मान्य करा. फक्त पाण्याची नळी बाजूच्या गवताच्या जाळ्यांवर सोडायची, ती मी पंख्यामागे सोडली होती. पहिला फवारा मुलाच्या आईच्या तोंडावर, दुसरा मुलाच्या कडक इस्त्रीवर! मी घाबरून वायर ओढली, बोर्डात ठिणगी उडाली आणि घरभरची लाइट गेली.

आम्ही तिघं पुरुष बोर्डाकडे नुसते पाहत राहिलो.

"तू पाह्य गा," मुलाचे वडील मुलाला म्हणाले.

"मी बँकेत आहे, बाबा."

तेवढ्यात प्राजक्ता आली. पोह्यांच्या बशा ठेवल्या, पदर खोचला, मेन स्विच बंद केला आणि स्टुलावर चढली. मी लाजेनं मान खाली घातली. स्थळ गेलं, हे नक्की होतं. थोड्या वेळात लाइट आली आणि गार हवाही सुटली.

मुलाची आई हरखून म्हणाली, "कमावते, पोहे करते, वरून कूलरही लावते. आमच्या घरचे हे दोघं तर खुर्चीवरून उठत नाहीत जी. मले हीच सून पाहिजे."

पाहुणे गेल्यावर मी पेढे आणायला निघालो, तर प्राजक्ता म्हणाली, "बाबा, त्यांले नाही म्हणून सांगा."

"काहून वं? इतके चांगले लोक."

"इथं एकच बाप्या आहे तं मले इतकं काम पडते. तिथं तं दोन आहेत."

मी रागारागानं अंगणात जाऊन बसलो. पाच मिनिटांत घामाघूम होऊन तिच्याच कूलरपुढे परत आलो.