झेंड्यातली फुलं

"फुलं कुणी घातली ह्यात?"

गावच्या विकास सोसायटीचे चेअरमन हे विचारताना वर झेंड्याच्या पुरचुंडीकडं बघत होते. दोरी त्यांच्या हातात होती. एक हिसका दिला की झेंडा उघडणार होता. सगळी शाळा सावधानमध्ये उभी होती, मागं गाव उभं होतं.

हेडमास्तर कौतुकानं म्हणाले, "आमच्या नव्या बाईंनी. पोरींनी बौद्धवाड्यातनं आणली, एवढ्या दुष्काळात."

माणूस भोळा होता. त्याला वाटलं, आपण शाळेची शोभा वाढवतोय.

चेअरमननी दोरी सोडली. आवाज चढवला नाही. "मास्तर, आज माझा मंगळवारचा उपास हाय. उघडला की माझ्याच डोक्यावर पडत्यात ती. काढा तेवढी."

मास्तरांनी झेंडा खाली घेतला, सोडला आणि पटांगणाच्या कडेला नेऊन झटकला. सतरंजी झटकतात तसा, दोनदा. पांढरी तगर, गुलाबी कण्हेर धुळीत पडली. मग त्यांनी तो परत बांधला, नुसताच, आणि वर चढवला. सगळं गाव बघत राहिलं. मीही.

स्वातंत्र्याला पंचवीस वर्षं झाली, त्या वर्षीचा हा पंधरा ऑगस्ट. मी दौंडची. वडील रेल्वेत खलाशी. आमच्याकडं त्या दिवशी इंजिनाला झेंडे बांधायचे, हार घालायचे, आणि ते भोंगा द्यायचं तेव्हा सगळ्या क्वार्टर्समधली पोरं ओरडायची. तो भोंगा सगळ्यांच्या कानात सारखाच घुमायचा. स्वातंत्र्य म्हणजे ते, एवढंच मला ठाऊक. शिरूर तालुक्यातल्या ह्या गावात पहिली नोकरी लागली, अजून पक्की व्हायची होती. राहायला खोली बौद्धवाड्यातच मिळाली. दुसरीकडं कोण देणार होतं?

आठवडाभर मी तिसरीच्या पोरांना सांगत होते. आधी इथं दुसऱ्यांचा झेंडा होता. तो उतरवायला माणसं तुरुंगात गेली, मेली. म्हणून आपण हा दिवस पाळतो, पहाटे फेरी काढतो, झेंड्यात फुलं बांधतो. उघडला की ती ओढणाऱ्याच्या अंगावर पडतात.

सुमन पुढं बसायची. आमच्याच वाड्यातली. तिनं विचारलं, "बाई, म्हंजी आमची फुलं चेअरमन आबांच्या डोक्यावर?"

"हो. का नाही?"

पोरगी हरखून गेली. त्या वर्षी विहिरींचे तळ दिसत होते. तिनं भांड्यांचं खरकटं पाणी घालून दारातली तगर, कण्हेर जगवली होती. माझं ते "का नाही?" आजही माझ्या मागं लागलेलं आहे. भाकरी थापताना, वर्गात फळा पुसताना मधेच ऐकू येतं.

झेंडा उघडला. राष्ट्रगीत सुरू करायचं काम माझं होतं. मी सुरू केलं. आवाज जराही कापला नाही, ह्याचा मला अजून राग येतो. तेव्हापासून कुठंही झेंडा उघडला की मी वर बघत नाही. ओढणाऱ्याच्या डोक्याकडं बघते. एखादी पाकळी केसात अडकली का, ते शोधते.

मग भाषणं झाली. चेअरमन समतेवर बोलले. चांगलं बोलले, टाळ्याही पडल्या. शेवटी आभार. ते नव्या शिक्षकानं मानायचे, ही तिथली रीत. मास्तरांनी आदल्या दिवशी माझ्याकडून पाठच करून घेतले होते.

मी उभी राहिले. "आजच्या कार्यक्रमाचे अध्यक्ष," एवढं म्हणाले आणि सुमन दिसली. रडत नव्हती. ती नुसती माझ्याकडं बघत होती. बाई आता काय म्हणतात, ते बघत होती. मी आभार मानले असते, तर आठवडाभर शिकवलेलं सगळं त्या पोरीसाठी तिथंच खोटं झालं असतं.

मी म्हणाले, "झेंड्यातली फुलं आज मातीत टाकली. ती सुमननं आणली होती, मी बांधली होती. ज्यांना ती डोक्यावर नको होती, त्यांचे आभार मी मानणार नाही."

मी बसले नाही.

चेअरमन शांतपणे म्हणाले, "बाई, नोकरी पक्की व्हायचीय न्हवं तुमची?"

"व्हय," मी म्हणाले. शाळेत शिकलेली भाषा कुठल्या कुठं गेली, घरची तोंडात आली. "व्हायचीय. आन् फुढच्या वर्साला फुलंबी मीच बांधणार हाय."

मागं सुमनची आजी उभी होती. तिनं पदर तोंडाला लावला. हसली की रडली, कळलं नाही.

दुपारी मास्तर म्हणाले, "बाई, एवढं मनाला लावून घ्यायचं नसतं. जुनी माणसं हायत."

"तो झेंडा तुम्ही झटकलात, मास्तर."

त्यांनी चष्मा पुसला.

दिवाळीच्या आत माझी बदली झाली. राहू गावाच्या पलीकडं, नदीकाठच्या शाळेत. नोकरी पक्की व्हायला माझ्या मागून आलेल्यांपेक्षा जास्त दिवस लागले. एसटीत बसले तेव्हा मी रडले, चांगली हुंदके देऊन. भीती वाटत होती. सुमनची पुढची शाळा मला बघायला मिळणार नव्हती, ह्याचं दुःख होतं. पण बोलल्याचा पस्तावा तेव्हाही नव्हता, आज शोधूनही सापडत नाही.

नव्या शाळेत पुढचा पंधरा ऑगस्ट आला. तिथल्या हेडमास्तरांच्या कानावर माझी कीर्ती गेलेली होती. ते चाचरत म्हणाले, "बाई, यंदा फुलं नकोच घालायला. उगाच कटकट."

मी नाही म्हणाले. तिथल्या आमच्या वस्तीत गेले, घराघरातून फुलं मागून आणली आणि झेंड्यात बांधली. सकाळी सरपंच दोरीजवळ आले, तेव्हा सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, ही फुलं कुणाच्या दारातली आहेत. जाईन त्या शाळेत मी हे सांगणार आहे, दरवर्षी, दोरीला हात लागायच्या आधी. ज्याला ती डोक्यावर नको असतील, त्यानं बाजूला व्हावं. झेंडा खाली येणार नाही.