साच्यातला ठिपका

"उद्या गाडी निघायची आहे आणि तू तीनशे नग भट्टीत टाकतोस? कारखाना माझा की तुझा?" मालक ओरडत होते.

माझे धाकटे दीर शांतपणे म्हणाले, "कारखाना तुमचा, ठिपका माझा. गळके नग पाठवायचे असतील तर हा घ्या पंच. तुमच्या हातानं मारा ठिपका."

मी डबा घेऊन लाकडी पार्टिशनच्या अलीकडे उभी. दुसऱ्याचं भांडण ऐकू नये म्हणतात, पण डबा द्यायचा तर थांबावं लागतंच. आत खण्णकन आवाज झाला. मालकांनी ठिपका मारायचा तो लोखंडी पंच फेकला होता. शेवटी मालकांनीच वाकून तो उचलला असावा, कारण बाहेर आले तेव्हा त्यांच्या गुडघ्याला धूळ लागलेली.

मला बघून म्हणाले, "वहिनीबाई, याच्या डब्यात खडे घालता का हो? इतका कसा टणक?"

"खडे निवडायलाच तर ठेवलंय ना तुम्ही त्यांना?" मी म्हटलं.

तीनशे नग भट्टीत गेले. गाडी दोन दिवस उशिरा निघाली. आणि तो पंच पुढे दुसऱ्या कुणाच्या हातात गेला नाही.

कारखाना गॅसच्या सिलिंडरवर बसवायचे रेग्युलेटर करायचा. भाऊजींचं काम सांगायला सोपं. नगात नळीनं हवा भरायची, पाण्याच्या टाकीत बुडवायचा आणि बघायचं. बुडबुडा आला नाही तर तोंडाच्या उजव्या बाजूला पंचानं एक ठिपका. बुडबुडा आला तर ठिपका डाव्या बाजूला आणि नग वितळवायला भट्टीच्या टोपलीत. पस्तीस वर्षं, एकेक नग. कारखान्यात त्यांचं नावच 'बुडबुडे' पडलं होतं. पाण्यात राहून बोटं सुरकुतलेली, जाऊबाई हयात होत्या तेव्हा म्हणायच्या, "चेहरा माझ्या नवऱ्याचा, हात माझ्या सासऱ्यांचे." त्या लवकर गेल्या. तेव्हापासून भाऊजींचं जेवण माझ्याकडेच.

बाजारातले शेगडी दुरुस्त करणारे नग घेताना उजव्या बाजूवरून नख फिरवायचे. ठिपका लागला की पुढचं काही विचारायचे नाहीत. आणि महिन्याच्या पहिल्या रविवारी भाऊजी स्वतः वाटीत साबणाचा फेस आणि दाढीचा जुना ब्रश घेऊन आमच्या गल्लीतली घरं फिरायचे. प्रत्येक रेग्युलेटरला फेस लावून बुडबुडा फुगतो का बघायचे. कुणी सांगितलं नव्हतं. माणसाला खोड असते एकेक.

मालक गेले. मुलाला धातूचा वास सोसत नव्हता. त्यानं कारखाना विकला, आणि घेणारे कोण, तर दूरदेशीची एक कंपनी. तिचा स्वतःचा कारखाना नाही, दुकान नाही, साधी चहाची किटली नाही! श्रीमंतांचे पैसे गोळा करायचे, आमच्यासारख्या देशांतले चालते कारखाने घ्यायचे, फुगवायचे आणि पाच वर्षांत विकून मोकळं व्हायचं, एवढाच धंदा. आमच्या देशांना ते उगवत्या बाजारपेठा म्हणतात. म्हणजे ते येईपर्यंत आम्ही अंधारात चाचपडत होतो की काय? बरं, म्हैस पाच वर्षांनी विकायची म्हणूनच घेतलीत, तरी तिची वैरण कशाला कापता? यांनी पहिल्याच महिन्यात वैरण कापली. पन्नासात एकच नग तपासायचा, असा हुकूम निघाला.

त्यांचा एक तरुण साहेब इथंच बसायचा. दर वाक्यात पाच वर्षं. सगळे त्याला पाचवर्षे साहेब म्हणायचे.

"आणि बाकीचे एकोणपन्नास?" भाऊजींनी विचारलं.

"त्याचं गणित असतं, काका."

"गॅसला येतं का ते गणित?"

साहेब हसला. दुसऱ्या दिवशी फोटोवाला आला आणि भाऊजींच्या हाताचा, त्या सुरकुतलेल्या बोटांचा पंचासकट फोटो काढून गेला. तो खोक्यावर छापला, कारखान्याच्या दालनात भिंतभर लावला. खाली अक्षरं: विश्वासाचा ठिपका. मला वाटलं, चला, कदर झाली. कसली कदर! महिन्याभरात ठरलं की ठिपक्यासाठी माणूस कशाला, ठिपका साच्यातच ओतू. मला चौथी पास व्हायला पाच वर्षं लागली. इथं नग जन्मतःच पास!

साच्यासाठी नमुना हवा होता. चांगले नग ठिपका पडला की लगेच खोक्यांकडे जातात. टेबलाजवळ उरते ती भट्टीची टोपली. भाऊजी जेवायला गेले असताना या शहाण्यांनी त्या टोपलीतून एक नग उचलला. विचारायचं कुणाला? उंटावरून शेळ्या हाकणाऱ्यांना खाली उतरायची सवय नसते. साचा तयार झाला आणि प्रत्येक नगावर ठिपका आला. डाव्या बाजूला.

भाऊजींनी सांगितलं, तर साहेब म्हणाला, "डावं काय नि उजवं काय, काका. ठिपका तो ठिपका."

पण बाजाराचं नख उजवीकडे फिरतं. तिथं काहीच लागेना. दुकानदारांचे भाऊजींना फोन यायला लागले. भाऊजींनी खरं ते सांगितलं, "डावीकडचा ठिपका म्हणजे भट्टीचा माल." गाड्याच्या गाड्या परत आल्या.

तेव्हा साहेब कागद घेऊन आमच्या घरी आला. मी चहा दिला.

"एवढंच लिहून द्या, काका, की ठिपक्याची जागा तुमच्या सल्ल्यानं बदलली. दुकानदार तुमचं ऐकतात."

"नग तपासले का?"

"तुम्हाला सल्लागार करू. टाकी नाही, पाणी नाही. नुसतं खुर्चीत बसायचं."

"मला टाकीच द्या. परत आलेला सगळा माल तपासतो. मग म्हणाल तिथं ठिपका मारतो, तुमच्या कपाळावरसुद्धा."

"सही नाही केली तर नोकरी राहणार नाही, काका."

मला राहवेना. म्हटलं, "साहेब, तुमच्या घरी कुणाचा रेग्युलेटर आहे?"

"आमच्याकडे विजेची शेगडी आहे, आजी."

मी त्याच्यापुढचा कप उचलला. अर्धा भरलेला होता. आलेल्या माणसापुढचा कप जन्मात तेवढा एकदाच उचलला, आणि अजून मला त्याचं वाईट वाटत नाही.

भाऊजींनी सही केली नाही. आठवड्यात त्यांना घरी बसवलं. फोटो मात्र भिंतीवर राहिला. हाताला हाकललं, हाताचं चित्र ठेवलं! आणि साचा दुरुस्त केला म्हणजे काय केलं? ठिपका उजवीकडे नेला. टाकी कोरडीच. बाजाराचं नखही फसलं. पाच वर्षं भरायच्या आत कारखाना फोटोसकट दुसऱ्याला विकला, आणि पाचवर्षे साहेबाला म्हणे बढती मिळाली.

भाऊजींनी कुणाला शिव्या दिल्या नाहीत. ते खातं माझ्याकडे. त्यांनी फक्त पहिला रविवार वाढवला. आधी आमची गल्ली होती, मग पलीकडची धरली, मग बाजारामागच्या चार. कुठं साच्याच्या ठिपक्याच्या नगावर फेस फुगला की सिलिंडर बंद करायचे आणि नग बदलून येईपर्यंत दारात बसायचे. लोक जेवा म्हणायचे. "वहिनी वाट बघतील," म्हणून उठायचे.

त्यांच्या शेवटच्या फेरीच्या रविवारी आमचा जिना चढताना दोनदा थांबले. मी म्हटलं, "अहो भाऊजी, आज राहू द्या. आमच्या नगावर तर तुमच्याच पंचाचा ठिपका आहे."

"म्हणूनच आधी इथं आलो."

गुडघ्यावर हात ठेवून खाली बसले. ब्रशनं फेस लावला, मान तिरकी करून बघत राहिले. मीही बघत राहिले. फेस तसाच राहिला. त्यांनी फडक्यानं रेग्युलेटर पुसला, फडकं झटकून त्याची घडी केली.

"ठीक आहे, वहिनी," म्हणाले, आणि वाटी सांभाळत शेजारच्या दाराकडे गेले.