फर्स्ट शिफ्टची गाणी

पेणहून रोह्याला कंपनीच्या माणसांची बस चालवायला लागून मला सोळा वर्षं झाली. नोकरी कंत्राटदाराकडे, गाडी त्याची, माणसं कंपनीची. माझं म्हणावं असं त्या गाडीत एकच होतं, टेप. टेप म्हणायची आपली सवय. कॅसेट कधीच्या गेल्या होत्या, पेनड्राइव्ह खोचायचा आणि बटण दाबायचं. पण ते बटण दाबणंही ड्युटीतच धरतात, हे मला पहिल्या आठवड्यातच कळलं.

पहिल्या सोमवारी पहाटे साडेपाचला पेणहून निघताना मी दणकेबाज ढोलकीची गाणी लावली. मला झोप लागू नये, एवढाच विचार. वडखळ यायच्या आत मागून एकजण म्हणाला, "ड्रायव्हर, वरात कुणाची हाय?" कुणी हसलं नाही. मी टेप बंद केला. दुसऱ्या दिवशी काहीच लावलं नाही, तर नागोठण्याला दुसरा म्हणाला, "टेप बिघडला काय? आदल्या ड्रायव्हरनं चांगला ठेवला होता."

मग मी शिकत गेलो. पेण ते वडखळ काही लावायचं नाही. त्या वेळी माणसं जागी दिसतात, पण अंगात जीव नसतो. वडखळला पॅकिंग खात्यातल्या एक ताई चढायच्या. त्यांच्यासोबत डब्यातल्या गरम भाजीचा वास यायचा आणि गाडी जरा हलायची. तिथून बासरी, नाहीतर एखादा अभंग, आवाज इतका कमी की ज्याला नको त्याला ऐकू येऊ नये. गडब गेलं की जुनी सिनेमातली गाणी. नागोठणं सोडून रोह्याच्या रस्त्याला लागलं की खिंडीत परत बंद, कारण तिथल्या वळणांवर मलाच गाणं नको असायचं. आणि वरसे दिसलं की काहीतरी चटपटीत, माणसं चप्पल शोधायला लागतील असं.

परतीचं काम जास्त अवघड. तीनला शिफ्ट सुटायची. आठ तास उभं राहून आलेल्या माणसाला आनंदाचं गाणं सहन होत नाही, आणि दुःखाचं तर त्याहून नाही. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. एकदा मी विरहाची गाणी लावली तर वडखळच्या ताई सीटवरूनच म्हणाल्या, "दादा, घरी जाऊन भांडी घासायची हायेत मला. रडायला टाइम नाय." तेव्हापासून परतीला मी अशी गाणी ठेवली, ज्यांचे शब्द ऐकायची गरज पडत नाही. चाल ओळखीची, बाई किंवा बुवा आपलं गातायत, आपण खिडकीला डोकं लावून बसावं. लग्नसराईत तर आणखी पंचाईत. माणसं तीन-तीन हळदींना नाचून, पाय दुखवून आलेली असत. अशा वेळी नुसत्या सतारीच्या आवाजावर गाडी भरून माणसं झोपलेली मी नेली आहेत.

लोक म्हणायचे, याला बरोबर कळतं. बरं वाटायचं. पण दमणूक व्हायची. चाळीस माणसांची तोंडं आरशात बघायची, कोण कसा चढला ते बघायचं, कालचं आज चालेल का ते ठरवायचं, आणि मग घरी आल्यावर कानात काहीही पडू नये असं वाटायचं.

माझी बायको पेणला गणपतीच्या कारखान्यात रंगकाम करते. तिच्याकडे दिवसभर रेडिओ चालू असतो, फक्त मूर्तीचे डोळे आखायच्या वेळी बंद करतात. गाण्यानं तेव्हा म्हणे हात हलतो. घरी आल्यावरही तिला भाकरी थापताना रेडिओवर गाणी लागत. मी आलो की म्हणायचो, "बंद कर गो."

ती बंद करायची. एकदा मात्र पिठाचे हात तसेच ठेवून म्हणाली, "चाळीस जणांना ऐकवता. माझ्या एकटीच्या वेळेला तुमचे कान दुखतात."

मी म्हटलं, "दमलोय."

"मी काय बसून आले?"

मी बाहेर ओट्यावर जाऊन बसलो. तिनं परत गाणी लावली नाहीत, ते मला जास्त लागलं.

आता ज्यांच्यासाठी हे सांगतोय त्या काकांकडे येतो. गडबच्या थांब्यावर ते चढायचे. बॉयलरवर होते. घरची भातशेती, नोकरी सांभाळून केलेली. माझ्या मागच्या पहिल्या सीटवर खिडकीशी बसायचे. इतक्या वर्षांत त्यांनी एकदाही अमुक लाव, तमुक बंद कर, असं म्हटलं नव्हतं. मला वाटायचं त्यांना ऐकूच येत नाही. डावा कान कंप्रेसरच्या आवाजानं गेला होता, उजव्यानं निम्मं यायचं. चढताना "आलो रे" आणि उतरताना "येतो रे", एवढंच बोलणं.

एका हिवाळ्यात त्यांची बायको गेली. पोटाचं दुखणं होतं, दोन-अडीच महिन्यांत सगळं संपलं. गाडीतले आम्ही सातआठजण जाऊन आलो. मोठा मुलगा, सून, अंगणात भाताच्या पेंढ्याची रास, आणि काका खांबाला टेकून बसलेले. पाणी प्यायलो आणि निघालो.

कार्य उरकून काका कामावर आले त्या दिवशी मी टेप लावला नाही. वडखळच्या ताईंनी चढतानाच विचारलं होतं, "आज काका येणार ना? मग राहू दे." कुणी कुणाशी बोललं नाही. फोनवर बोलणारेही दबक्या आवाजात बोलले. दुसरा दिवस तसाच, तिसरा तसाच. मला वाटलं, आपण बरोबर करतोय. आठवडा गेला.

आठव्या दिवशी परतीला गडबला गाडी थांबवली, तर काका उतरले नाहीत. दाराशी आले, दांडा धरला आणि म्हणाले, "गानी का लावत नाय तू?"

मी म्हटलं, "असंच, काका. थोडे दिवस."

"माझ्यामुळं?"

मी मान हलवली.

"घरात कोन बोलत नाय. पोरगा बोलत नाय, सून टीव्ही लावत नाय, नातवाला पन गप बसवतात. वाटलं, गाडीत तरी बरं असंल. तर तुम्ही पन सगले तोंडं बंद करून बसलाव." त्यांचा आवाज चढला नव्हता. सांगून सांगून कंटाळलेला माणूस सांगतो तसं सांगत होते. "बायको माझी गेली. तुमची गानी कशाला गेली?"

दुसऱ्या दिवशी मी बासरी लावली. काकांनी खिडकीकडे तोंड फिरवलं आणि डोळे मिटले. गाडीत कुणीतरी मोठ्यानं खोकलं. वरसे यायच्या आधी लोक परत बोलायला लागले होते.

पुढं दीड-दोन महिने गेले असतील. एके पहाटे काका चढले ते सीटवर न बसता माझ्याजवळच उभे राहिले. हातात मोबाइल. त्यांचा साधा बटणांचा होता, हा सुनेचा.

"ह्याच्यात एक गानं हाय," ते म्हणाले. "तुझ्या टेपवर लागंल का?"

त्यांची बायको धवले गायची. आमच्याकडे लग्नात विधी चालू असताना बाया जुनी गाणी म्हणतात, त्यांना धवले म्हणतात. ते म्हणणाऱ्या बाया आता फार राहिल्या नाहीत. या बाईंना चार गावांतून बोलावणं यायचं, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. एका नात्यातल्या लग्नात कुणीतरी मोबाइलवर शूटिंग केलं होतं, त्यात त्या गाताना आल्या होत्या. सुनेला ते सापडलं. काकांनी घरी लावून बघितलं, पण मोबाइलच्या आवाजानं त्यांना काही ऐकू आलं नाही. सुनेनं मोबाइल पार कानाला लावला तरी नाही.

मी गाडी चालू ठेवूनच एका हातानं मोबाइल टेपला जोडला. आवाज पूर्ण वाढवला. आधी माणसांची गडबड, मग कुणाचं तरी हसणं, लांबून डीजेचा धपधप आवाज. त्या सगळ्याच्या खाली कुठंतरी एका बाईचा आवाज होता. मलाच नीट ऐकू येत नव्हता. रस्ता खराब, इंजिनाची घरघर, खिडक्या वाजतायत. काका स्पीकरखाली उजवा कान नेऊन उभे. गाणं संपलं.

"आलं का?" मी विचारलं.

"नाय," ते म्हणाले. "राहू दे."

आणि मोबाइलसाठी हात पुढं केला.

मी पुढं एक किलोमीटर गेलो असेन. मग डावीकडे एका बंद टपरीसमोर मोकळी जागा होती, तिथं गाडी घेतली. इंजिन बंद केलं. मागं वळून म्हटलं, "दोन मिनिटं खिडक्या लावून घ्या. कुणी बोलू नका." कुणी का म्हणून विचारलं नाही. खिडक्या सरकवल्याचे आवाज झाले आणि मग सगळं शांत झालं. बाहेर उजाडायला लागलं होतं.

परत लावलं. या वेळी आवाज आला. चिरका म्हणावा असा, वय झालेल्या बाईचा, मध्ये दम लागलेला. डीजे होताच, पण बाईंचा आवाज त्याच्यावरून जात होता. सगळं मिळून अर्धा-पाऊण मिनिट. शब्द मला सगळे समजले नाहीत. मध्येच कुणीतरी बाईंना काही विचारलं, त्या गाता गाता थांबून म्हणाल्या, "हलद कुठं ठेवली बघ गो," आणि परत गायला लागल्या. काकांनी त्या वाक्याला मान हलवली, जणू त्यांनाच सांगितलं होतं.

संपल्यावर ते म्हणाले, "परत."

चार वेळा लावलं. मग त्यांनी स्वतःच हात वर केला, बस झालं असा. सीटवर जाऊन बसले. रडले नाहीत. नागोठण्यापर्यंत मी काही लावलं नाही.

गेटवर आम्ही बारा मिनिटं उशिरा पोचलो. काही खात्यांत चालून गेलं, पॅकिंगमध्ये नाही. दुसऱ्या दिवशी वडखळच्या ताई चढल्या आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "माझा लेट मार्क लागला, दादा. ह्या महिन्यातला तिसरा." मी म्हटलं, चुकलं. त्या म्हणाल्या, "चुकलं नाय म्हनत मी. लागला एवढं सांगते." कंत्राटदारानंही बोलावून घेतलं. गाडी मध्ये का थांबवली म्हणून विचारलं. मी पंक्चरची शंका आली असं सांगितलं. त्याचा विश्वास बसला नाही, पण त्यालाही पुढची कामं होती.

घरी आल्यावर बायकोला सगळं सांगितलं. ती भाकरी थापत होती. ऐकून घेतलं आणि म्हणाली, "माझा आवाज आहे का कुठं तुमच्या फोनमध्ये?" मी शोधला. एकाही शूटिंगमध्ये ती बोलत नव्हती. सगळीकडे तीच शूटिंग करत होती. तिला तसं सांगितलं, तर म्हणाली, "बघा," आणि तवा उतरवला. त्या दिवशी मीच उठून तिचा रेडिओ लावला. सहन होत नव्हता, तरी चालू ठेवला. जेवताना तिनं आवाज थोडा कमी केला, माझ्याकडे बघून.

काका पुढच्या पावसाळ्याआधी निवृत्त झाले. शेवटच्या दिवशी कुणीतरी हार आणला, पेढे वाटले, आणि मला सगळे म्हणाले, आज काहीतरी खास लाव. मी पेनड्राइव्हमधली गाणी पुढं-मागं करत राहिलो. निरोपाची होती ती रडकी होती, आनंदाची होती ती खोटी वाटत होती. शेवटी काकांनाच विचारलं, "काय लावू?"

"रोजचं लाव रे," ते म्हणाले. "मला सवय तीच हाय."

त्यानंतर गाडी बदलली. नवीन गाडीत स्क्रीन आहे, स्पीकर चांगले आहेत, पण त्यांचा उपयोग होत नाही. आता चढणाऱ्या प्रत्येकाच्या कानात स्वतःचं काहीतरी असतं. वडखळच्या ताईसुद्धा वायर लावून बसतात, शेजारणीशी बोलायचं असलं तर एक कान काढतात. सुरुवातीला मी सवयीनं लावत असे. एक दिवस लावायला विसरलो आणि कुणाच्या लक्षात आलं नाही. मग सोडून दिलं. खरं सांगायचं तर सुटल्यासारखं वाटलं. चाळीस माणसांचं काय हवं-नको बघण्याची ताकद आता उरली नाही. गुडघे दुखतात, क्लच दाबताना जास्त.

मागच्या महिन्यात सुट्टीच्या दिवशी नागोठण्याला काम होतं म्हणून स्कूटरवर गेलो होतो. येताना गडबला मुलाच्या दुकानापाशी काका खुर्ची टाकून बसलेले दिसले. थांबलो. त्यांनी चहा मागवला. मशीन घेतलंय आता कानाला, पण ते खिशातच होतं. मी जरा मोठ्यानं विचारलं, ते गाणं ऐकता का अजून.

"नाय," ते म्हणाले. "सुनेच्या फोनमध्ये असंल. त्या दिवशी चार वेळा ऐकलं ना, तेवढं पुरलं." चहाचा कप खाली ठेवत म्हणाले, "रोज ऐकलं तर ती तेवढंच बोलली असं वाटंल."

मग आम्ही भाताचं बोललो, रस्त्याच्या कामाचं बोललो, माझ्या गुडघ्याला कोणतं तेल लावावं ते त्यांनी सांगितलं. उन्हं कलली तसा मी उठलो. दुसऱ्या दिवशी साडेपाचची गाडी होती.